झिजलेली चावी

आमच्या जुन्या व्हॅनची चावी इंजिन चालू असतानाही सहज हातात येत असे. घरी ही गोष्ट कित्येक वर्षे कौतुकाचा विषय होती. पाहुणे आले की नातू चालत्या गाडीची चावी काढून त्यांच्या तळहातावर ठेवी. गाडी तशीच धडधडत राही आणि सारे हसत. मीही हसत असे. त्या हसण्याची मला पुढे लाज वाटली. ती का वाटली, हे समाजबांधवांना सांगावे असे मनात आल्याने लिहावयास बसलो आहे.

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत आमचे चिखला गाव आहे. गावाची ओळख म्हणजे मँगनीजची खाण. मध्य प्रांतात या खनिजाचे उत्खनन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. आज येथील भूमिगत खाण नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘मॉइल’ या सरकारी कंपनीकडे आहे. खाणीत कामाला जाणाऱ्या कुटुंबांच्या आधाराने आमचे किराणा दुकान तीन पिढ्या चालले. दुकानाचा माल तुमसरहून आणावा लागे. त्यासाठी वडिलांनी २००५ साली मारुती ओम्नी घेतली. ही गाडी मारुतीने १९८४ साली बाजारात आणली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे लहानसे तीन सिलिंडरचे इंजिन, तेही पुढच्या आसनांच्या खाली. बाजूला सरकते दरवाजे. मागची आसने काढली की तांदळाची पोती आणि तेलाचे डबे मावतील एवढी जागा. वडिलांनी स्वतःच्या हाताने घेतलेली ती शेवटची मोठी वस्तू. ते गेल्यानंतरही आम्ही तिला निरोप देऊ शकलो नाही, याचे एक कारण तेही होते.

चावी एका दिवसात झिजत नाही. पहिली काही वर्षे ती नीट फिरत होती. मग कधी अडकू लागली. तेव्हा ती पुरती आत न घालता केसभर बाहेर ओढून फिरवायची, अशी युक्ती आम्ही शोधून काढली. काही काळाने ती अडकेनाशी झाली, उलट फारच सैल फिरू लागली. आम्हाला वाटले, यंत्र रुळले. पुढे गाडीच्या चावीऐवजी गोदामाच्या कुलपाची चावी घातली तरी इंजिन सुरू होऊ लागले. तोही आम्हास चमत्कारच वाटला. भर म्हणजे त्या एका चावीच्या कड्यात दुकानाची दोन शटरे, गोदाम, गल्ला, कपाट आणि स्कूटर अशा नऊ चाव्या लोंबकळत असत. खाचखळग्यांच्या रस्त्यावर तो जुडगा घंटेसारखा हेलकावे घेई.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आईला घेऊन रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनास गेलो होतो. परतताना उशीर झाला. आई सूर्यास्तानंतर अन्नपाणी घेत नाही, म्हणून मी जरा वेगाने येत होतो. गोबरवाहीच्या अलीकडे एका चढावर रस्ता उखडला होता. चाक खड्ड्यात आपटले आणि इंजिन एकदम बंद पडले. समोरचे सगळे दिवे गेले. मागून मँगनीजने भरलेला ट्रक येत होता. मी ब्रेक दाबून हँडब्रेक ओढला आणि चावी फिरवण्यासाठी हात नेला, तर तेथे चावीच नव्हती. धक्क्याने ती जुडग्यासकट निसटून पायाशी पडली होती. ट्रकचालकाने कर्कश हॉर्न देत, रस्त्याची कड सोडून, आमच्या अगदी बाजूने ट्रक काढला. मी अंधूक उजेडात पेडलांच्या मागे चाचपडत होतो. चावी सापडली. दोन वेळा फिरवूनही काही झाले नाही, तिसऱ्या वेळी इंजिन सुरू झाले. मधल्या आसनावर बसलेली आई एक शब्दही बोलली नाही. घरी पोहोचलो तेव्हा सूर्य मावळला होता. त्या रात्री आई उपाशीच झोपली.

वाचकांना वाटेल की दुसऱ्याच दिवशी मी गाडी मिस्त्रीकडे नेली असेल. नाही नेली. दुसऱ्या दिवशी मी चावीला एक रबरबँड अडकवून तो स्टिअरिंगखालच्या आवरणाला बांधला, म्हणजे चावी पडणार नाही. दुकानाची गर्दी होती, लग्नसराई होती, आणि गाडी तर चालत होती. आपल्याकडे प्रमाद हा शब्द आपण प्रवचनात पुष्कळदा ऐकतो. तो रबरबँडच्या रूपाने वर्षभर माझ्या डोळ्यांपुढे होता, पण मला तो दिसला नाही.

गेल्या वर्षी धाकट्या मुलाने नवी गाडी घेण्याचे ठरवले आणि व्हॅन विकावयास काढली. शेजारच्या गावचा एक तरुण ती पाहण्यास आला. त्याची भाजीची वाडी आहे. माल आठवडी बाजारात न्यायचा आणि सकाळी दोन लहान मुलींना शाळेत सोडायचे, एवढेच त्याचे काम. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या घातल्या, दरवाजे सरकवून पाहिले आणि विचारले, ‘‘काकाजी, गाडीत काही काम तर नाही ना?’’

मध्यस्थी करणारा दलाल माझ्या शेजारी उभा होता. त्याने अगोदरच बजावले होते की जुन्या गाडीत डोळ्यांना दिसते तेवढेच दाखवायचे असते. रबरबँड मी सकाळीच काढून टाकला होता. मी म्हणालो, ‘‘गाडी ठणठणीत आहे.’’ त्याने पाच हजार रुपये इसार दिला आणि समाधानाने निघून गेला.

त्या रात्री आईने विचारले, ‘‘त्या मुलाला रामटेकचं सांगितलंस का?’’

मी काही बोललो नाही. तिनेही पुन्हा विचारले नाही. तिने जपमाळ हातात घेतली.

मला झोप लागली नाही. आमच्या दुकानात वडील प्रत्येक वजनापूर्वी तराजूचे पारडे कोरड्या फडक्याने पुसून घेत. ग्राहकाच्या वाट्याला धुळीचेही वजन जाऊ नये, हा त्यांचा नेम. ‘मापात पाप नको’ हे त्यांचे पालुपद होते. तेलाचा डबा गळका असेल तर ते तसे सांगून विकत. आणि मी, त्यांचा मुलगा, त्यांचीच गाडी विकताना एका तरुण बापाला त्याच्या मुलींच्या जिवाशी संबंधित गोष्ट सांगितली नव्हती. मी खोटी पावती केली नव्हती की कोणतेही कागद बदलले नव्हते. फक्त ‘ठणठणीत’ हा एक शब्द उच्चारला होता. पण माप त्या एका शब्दातच मारले गेले होते.

सकाळी गाडी तुमसरला एका जुन्या, जाणत्या मिस्त्रीकडे नेली. त्याने चावी घातली, फिरवली, इंजिन चालू ठेवूनच काढून घेतली आणि माझ्याकडे पाहिले.

‘‘काकाजी, हे गमतीचं नाही जी. गाडी इतकी वर्षं सांगून राहिली होती.’’

मग त्याने जे दाखवले ते मला आयुष्यात प्रथमच कळले. ज्याला आपण एक स्विच समजतो, त्यात वस्तुतः दोन यंत्रे पाठीला पाठ लावून असतात. पुढचे यंत्र कुलूप. त्याच्या नळीत पातळ पितळी पत्र्या ओळीने बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीमागे बारीक स्प्रिंग असते. योग्य चावीचे दाते या पत्र्यांना एका पातळीत आणतात, तेव्हाच नळी फिरते. हजारो वेळा घासून दाते आणि पत्र्या दोन्ही बोथट झाल्या की कोणतीही चावी चालते, आणि चालू स्थितीत चावी धरून ठेवण्याचे कामही कुलूप विसरते. आमच्या गोदामाच्या चावीचा चमत्कार तो हाच.

मागचे यंत्र विजेचे. कुलपाची नळी फिरली की तिच्या टोकाशी जोडलेली प्लास्टिकची चकती फिरते आणि तिच्यावरील तांब्याचे तुकडे वेगवेगळ्या तारा जोडतात. चावीच्या चार जागा आपल्या सर्वांना ठाऊक असतात. पहिली बंद; येथे चावी काढली की स्टिअरिंगही जखडते. दुसरीत रेडिओसारखी किरकोळ उपकरणे चालतात. तिसरीत इंजिनाला वीज मिळते, आणि गाडी धावते ती सर्व वेळ या तिसऱ्या जागेवरच. चौथी स्टार्टरची, तेथून हात सोडला की स्प्रिंग चावीला तिसऱ्या जागी परत आणते. प्रत्येक जोडणीच्या आणि तोडणीच्या क्षणी तांब्यावर बारीक ठिणगी उडते. वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी पृष्ठभाग काळा पडतो, त्याला खड्डे पडतात. मग विजेला तेथून जाताना अडथळा होतो, अडथळ्याने उष्णता होते, उष्णतेने प्लास्टिक मऊ होते आणि पकड आणखी सैल होते. एक दोष दुसऱ्याला जन्म देतो.

मिस्त्रीने मीटर लावून दाखवला. बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास आकडा होता. स्विचमधून पलीकडे गेल्यावर तो साडेदहावर आला. चावीला बोटाने किंचित हलवले की आकडा शून्यावर जाई आणि परत येई. ‘‘तुमची गाडी त्या चढावर का बंद पडली, आता समजलं?’’ तो म्हणाला. ‘‘खड्ड्याचा धक्का आणि नऊ चाब्यांचं ओझं. मागचा तांबा सुटला, पुढची चाबी पडली. दोन्ही एकाच वेळी.’’

उपाय तीन होते. पहिला स्वस्त: कुलूप तसेच ठेवून डॅशबोर्डवर एक साधे बटण बसवायचे. जुन्या गाड्यांत असे बटण पुष्कळांनी बसवलेले असते. पण त्याने झिजलेले कुलूप झिजलेलेच राहते, आणि मुलांच्या हाताला ते बटण सहज लागते. दुसरा मध्यम: फक्त मागचा विजेचा भाग बदलायचा. तिसरा पूर्ण: कुलपासह सगळा संच नवा. त्यात इंजिनाची चावी वेगळी आणि दरवाजांची वेगळी अशा दोन चाव्या बाळगाव्या लागतात, कारण दरवाजांची कुलपे जुनीच राहतात. खर्च बटणाच्या कितीतरी पट. मला त्या दोन मुली आठवल्या. मी तिसरा उपाय सांगितला.

काम दोन तास चालले आणि मी बाकावर बसून ते पाहिले. त्याने सर्वप्रथम बॅटरीची ऋण बाजूची तार सोडली. बॅटरीकडून स्विचकडे येणाऱ्या तारेत चावी बंद असतानाही वीज असते, आणि पाना लोखंडाला टेकला तर तार पेटू शकते, असे त्याने सांगितले. मग स्टिअरिंगखालचे आवरण उघडून तारांची जोडणी सोडवली. कुलूप ज्या बोल्टांनी दांड्याला धरलेले होते, त्यांना डोकीच नव्हती. चोराला ते सहज काढता येऊ नयेत म्हणून हे बोल्ट अशा रीतीने घडवलेले असतात की पुरते आवळले की त्यांचे डोके तुटून पडते. छिन्नीची धार लावून, हळूहळू ठोकत, त्याने ते उलटे फिरवून काढले. जुना स्विच उघडून माझ्या हातात दिला. आतले प्लास्टिक एका कडेला वितळून तपकिरी झाले होते आणि तांब्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडला होता. एवढ्याशा खड्ड्यावर माझी आई दोन वर्षे प्रवास करीत होती.

नवे बोल्ट आवळताना ‘टक’ असा आवाज होऊन डोकी तुटली. नंतर त्याने घाई न करता एकेक गोष्ट तपासली. चारही जागा, प्रत्येक जागेवर योग्य दिवे, चालू स्थितीत चावी ओढून पाहिली, ती आली नाही, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून कोणती तार चिमटत नाही ना ते पाहिले, चावी काढल्यावरच स्टिअरिंग जखडते ना तेही पाहिले. इंजिन दहा-बारा वेळा सुरू केले. शेवटी नव्या चाव्या माझ्या हातात देताना म्हणाला, ‘‘याच्यात दुसरी चाबी अडकवू नका जी.’’

नागपुरात अभियंता असलेल्या माझ्या थोरल्या मुलाला फोनवर हे सांगितले, तेव्हा त्याने अमेरिकेतील एक प्रकरण सांगितले. जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीच्या काही लहान मोटारींतील इग्निशन स्विच मुळातच कमकुवत होता. त्यातील चावीला जागेवर रोखणारी स्प्रिंग कमी जोराची असल्याने जड जुडग्याच्या ओझ्याने किंवा धक्क्याने चावी चालू स्थितीतून मागे सरके. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि अपघाताच्या क्षणी जिवाचे रक्षण करणाऱ्या हवेच्या पिशव्या फुगत नसत. २०१० साली जॉर्जिया राज्यात एक तरुण परिचारिका आपल्या एकोणतिसाव्या वाढदिवशी अशा गाडीत मरण पावली. तिच्या आईवडिलांच्या वतीने तपास करणाऱ्या अभियंत्याने बाजारातून तोच सुटा भाग नवा विकत आणला आणि जुन्याशी ताडून पाहिला. दोन्हींवर क्रमांक एकच, पण आतील स्प्रिंग निराळी. कंपनीत कोणीतरी काही वर्षांपूर्वीच दोष सुधारला होता, मात्र भागाचा क्रमांक न बदलता, गाजावाजा न करता. आधी विकलेल्या गाड्या तशाच धावत राहिल्या. २०१४ साली कंपनीला सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. या दोषाशी निगडित १२४ मृत्यू कंपनीच्याच भरपाई निधीने मान्य केले, आणि २०१५ साली कंपनीने सरकारशी ९० कोटी डॉलरची तडजोड केली.

त्यांचा स्विच जन्मतः दुबळा होता, माझा वापराने झिजला. त्यांची कंपनी अवाढव्य, माझे दुकान चार पावलांचे. परंतु ज्याला दोष ठाऊक होता त्याने तो दुसऱ्याला सांगितला नाही, एवढी गोष्ट दोन्हीकडे सारखीच होती. ‘‘बाबा, तिथे एका स्प्रिंगचा प्रश्न होता,’’ मुलगा म्हणाला. पोलाद करायला मँगनीज लागते, आणि ते आमच्या गावाच्या पोटातून निघते. त्या पोलादाचा एवढासा वळसा माणसाला तारतो किंवा मारतो, हे मी कधी मनात आणले नव्हते.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी येथे थोडे लिहितो. चावी चालू स्थितीत बाहेर येत असेल, ती विशिष्ट कोनात धरल्याशिवाय फिरत नसेल, दुसरी एखादी चावी चालत असेल, चावी हलवली की समोरचे दिवे लुकलुकत असतील, स्विचचे आवरण हाताला गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर त्याला गाडीचा स्वभाव समजू नये. जाणत्या माणसाला दाखवावे. आणि चावीच्या कड्यात गाडीची एकच चावी ठेवावी. हे आजच, फुकट आणि एका मिनिटात करता येते.

उरला तो तरुण. मी त्याला निरोप पाठवून घरी बोलावले. दलालास बोलावले नाही. जुना स्विच त्याच्यापुढे ठेवला आणि चढावरचा प्रसंग, रबरबँड, तो मी काढून टाकला होता ही गोष्ट, सारे सांगितले. नव्या संचाचे बिल दाखवले आणि इसाराचे पाच हजारही पुढे केले. घ्यायची नसेल तर मनात किंतु न ठेवता परत न्या, म्हणालो.

तो बराच वेळ त्या वितळलेल्या प्लास्टिककडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘काकाजी, मी तर तुम्हाला विचारलं होतं.’’

‘‘विचारलं होतंस. मी चुकलो,’’ एवढेच मला बोलता आले. त्याने पैसे उचलले नाहीत, पण गाडीही नेली नाही. ‘‘घरी विचारून सांगतो,’’ म्हणून उठून गेला. त्याचे दोन दिवस मला फार मोठे वाटले. गाडी विकली जाईल की नाही, याची ती काळजी नव्हती. गावोगावी तीन पिढ्यांनी मिळवलेले नाव एका तरुणाच्या मनात काय झाले असेल, ही होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. सोबत पत्नी आणि दोन्ही मुली होत्या. कागदपत्रांवर सह्या झाल्या. ठरलेल्या रकमेतून मी दोन हजार कमी घेतले. त्याने नको म्हटले, पण शेवटी मानले. मुलींसमोर आपली जुनी गंमत दाखवावी म्हणून नातवाने इंजिन सुरू असताना चावी ओढली. ती हलली नाही. त्याने पुन्हा ओढली आणि खट्टू होऊन माझ्याकडे पाहिले. तो तरुण हसला आणि त्याने स्वतः एकदा ओढून खात्री करून घेतली. मग पातळ तारेच्या कड्यातील ती एकटी चावी फिरवून गाडी वळवली आणि ते गेले.

जुना स्विच मी दुकानात, वजने ठेवतो त्या खणात ठेवला आहे.

आई पडवीत बसली होती. तिने विचारले, ‘‘सांगितलंस?’’

‘‘सगळं सांगितलं.’’

‘‘बरं झालं. चल, पानं वाढली आहेत. दिवस कलायच्या आत जेवून घेऊ.’’